नीट लावलेलं चित्र परत परत बिघडतं तेव्हा: ५५ इंची टीव्ही, लाईटचा लपंडाव आणि खारा वारा

"अगं, माणसं परत लाल झाली." जुलैत बाबांचा हा फोन चौथ्यांदा आला, तेव्हा ठरवलं की या खेपेला नुसते मेनूतले आकडे बदलून परत यायचं नाही.

मी चिपळूणला असते, आई-बाबा हर्णैजवळच्या गावात. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी घरी ५५ इंची फोर-के एलईडी टीव्ही आला. सुट्टीला गेले की मी चित्र नीट लावून यायचे, आणि चार दिवस होतात न होतात तोच तक्रार सुरू. चेहरे ताप आल्यासारखे लालबुंद, मैदानातलं गवत पोपटी, पांढऱ्या शर्टाला निळी झाक, आणि जुना सिनेमा लावला तर तो मालिकेसारखा गुळगुळीत दिसायचा. दुकानातून आलेल्या मेकॅनिकने दोन फेऱ्या मारल्या. त्याच्यासमोर सगळं बरं दिसलं, म्हणून "पॅनल कमजोर आहे, कधीही जाईल" एवढं सांगून गेला. ५५ इंचाचं पॅनल बदलायचं म्हणजे जवळजवळ नवा टीव्हीच घ्यायचा. आईने धास्तीने टीव्हीवर चादर टाकून ठेवली. पॅनल ठणठणीत होतं, आजही तेच आहे. घरी म्हातारी माणसं एकटी असतात आणि असा चुकीचा निदान-निवाडा त्यांच्या जिवाला लागतो, म्हणून सगळं तपशिलात लिहितेय.

बाबांना मी एकच काम सांगितलं. चित्र बिघडलं की कालनिर्णयात त्या तारखेच्या चौकोनात वेळ लिहायची, आणि तेव्हा बाहेर काय चाललं होतं तेही. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते, नोंदी ठेवणं अंगात आहे. पुढच्या खेपेला गेले तर पंधरवड्याचे चौकोन पेन्सिलीने भरलेले. "४ वा. लाईट गेली. ५ ला आली, चित्र भडक." "दुपारी ढग, चित्र मंद. ऊन पडलं, ठीक." "रात्री नेटवर सिनेमा, नुसता काळोख." "पाऊस मुसळधार, चौकटी चौकटी, मग आवाजही गेला." तासाभरात लक्षात आलं की आम्ही ज्याला एक दुखणं समजत होतो ती चार होती, आणि प्रत्येकाची परत यायची वेळ वेगळी होती. माझ्या मते अशा तक्रारीत बिघाड कसा दिसतो हे विचारण्याआधी तो केव्हा परत येतो हे विचारावं. आमच्याकडे तरी उत्तरं तिथेच मिळाली.

सगळ्यात जास्त नोंदी लाईट जाण्याच्या होत्या, म्हणून तिथून सुरुवात केली. चित्राचा मोड 'सिनेमा' केला, शार्पनेस पन्नासवरून दहावर आणला आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. दोन मिनिटांनी चालू केलं आणि बाकी काही न करता पडद्याकडे बघत बसले. वरच्या कोपऱ्यात तीन-चार सेकंद एक पट्टी आली. तिच्यात फोर-के, एचडीआर (काळोखापासून प्रखर उजेडापर्यंतचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र) अशी चिन्हं, खोक्यावर छापलेली असतात तशी. पट्टी गेली, आणि मेनूत बघते तर मोड परत 'व्हिव्हिड', शार्पनेस परत पन्नास. बाबा म्हणाले, "ती पट्टी तर रोज येते, मला वाटलं जाहिरात आहे."

ती पट्टी म्हणजे टीव्ही दुकानाच्या मोडमध्ये असल्याची खूण. नवा टीव्ही पहिल्यांदा चालू केला की तो विचारतो, घरी वापरणार की दुकानात? बसवायला आलेला मुलगा घाईत होता, रिमोटचं ओके दाबत पुढे गेला असणार. दुकानात लख्ख ट्यूबलाईट असतात, एका भिंतीवर दहा-वीस टीव्ही शेजारी-शेजारी असतात, आणि त्यातला सगळ्यात भडक आणि निळसर असेल त्याच्याकडे नजर जाते. गिऱ्हाईकाने रिमोट हाताळून काही बदललं तरी टीव्ही आपणहून परत भडक व्हावा, यासाठीच तो मोड केलेला असतो. काही टीव्ही थोड्या-थोड्या वेळाने मूळपदावर जातात, काही बंद करून चालू केल्यावर. आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून तीनदा लाईट जाते, म्हणजे दिवसातून तीनदा आमच्या ओटीवर शोरूम उघडत होतं.

हा मोड शोधायला मेनूत थोडं फिरावं लागतं. सॅमसंगमध्ये 'यूसेज मोड' असतो, त्यात 'होम' आणि 'रिटेल'. एलजीत 'होम/स्टोअर मोड'. सोनीत 'रिटेल मोड सेटिंग्ज' आणि त्याच्या आत 'डेमो मोड' व 'पिक्चर रिसेट मोड' अशी दोन बटणं, दोन्ही बंद करायची. इतर बनावटीत 'सिस्टिम' किंवा 'जनरल'च्या पोटात बघा. सापडलंच नाही तर टीव्ही पूर्ण रिसेट करून पहिल्या प्रश्नाला 'होम' हे उत्तर द्यायचं. पण त्याआधी वायफायचा पासवर्ड आणि ॲपची खाती कागदावर उतरवून घ्या. रिसेटनंतर ते सगळं नव्याने घालावं लागतं आणि गावात बसून ओटीपीची वाट बघणं म्हणजे परीक्षा असते.

मोड बदलला, मग चित्र लावलं. 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' यातला जो असेल तो घ्या आणि रंगाचं तापमान 'वॉर्म' ठेवा. पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, "हे पिवळट दिसतंय." खरं आहे, वर्षभर निळसर पांढरं बघितल्यावर खरं पांढरं पिवळटच वाटतं. सिनेमे आणि कार्यक्रम तयार करताना ज्या पांढऱ्यावर रंग जुळवतात ते ६५०० केल्विनच्या आसपासचं, दुपारच्या उजेडासारखं असतं. 'वॉर्म' त्याच्या जवळ जातो. तीन दिवस हात लावू नका असं सांगून आले. चौथ्या दिवशी फोन आला की बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा आता माणसासारखा दिसतो.

एक गोंधळ मात्र बहुतेक घरांत बघते. बऱ्याच टीव्हीत 'ब्राइटनेस' हा आकडा उजेडाचा नसतो, तो काळा रंग किती काळा दिसावा याचा असतो. उजेड असतो 'बॅकलाईट'मध्ये. (काही बनावटीत नेमकं उलटं नाव आहे, तिथे काळ्यासाठी 'ब्लॅक लेव्हल' असं वेगळं बटण असतं.) चित्र अंधारं वाटलं की लोक ब्राइटनेस चढवतात, मग काळा रंग राखेसारखा होतो आणि सगळ्यावर धुकं आल्यासारखं वाटतं. मी काळा कोट घातलेला माणूस पडद्यावर असताना चित्र थांबवते आणि कोटाच्या घड्या बघते. घड्या जेमतेम दिसतील इतपत ब्राइटनेस. घड्या नाहीशा झाल्या तर ब्राइटनेस कमी पडलाय, कोट करडा झाला तर जास्त झालाय.

दुसरी नोंद ढगांची. आमचा टीव्ही ओटीवर, समोर पडवी, दार दिवसभर उघडं. श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की ओटीवरचा उजेड मिनिटामिनिटाला बदलतो. टीव्हीच्या खालच्या पट्टीत उजेड मोजणारा सेन्सर असतो, तो प्रत्येक ढगाबरोबर पडदा मंद-प्रखर करत होता. वीजबचतीच्या किंवा 'इको'च्या मेनूत तो बंद केला, पाच मिनिटांचं काम. अंधारी दृश्यं आली की पडदा आपोआप आणखी काळवंडतो, ते काम बहुधा 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट'चं असतं. तेही बंद किंवा 'लो'.

तिसऱ्या नोंदीने माझा बराच वेळ घेतला. रात्री नेटवरचा नवा सिनेमा लावला की काळोख, आणि त्याच टीव्हीवर बातम्या मात्र झगझगीत. बाबांची समजूत अशी की नेट कमी पडतंय. नेट कमी पडलं तर चित्र पुसट होतं किंवा मध्येच थांबून गोल चक्र फिरतं, काळोखी होत नाही. सिनेमा सुरू होताना कोपऱ्यात 'एचडीआर' असं येऊन गेलं, तिथे धागा मिळाला.

साधा कार्यक्रम तयार करताना पडद्याचा उजेड १०० निट धरलेला असतो. निट हे पडद्याच्या उजेडाचं माप. आपला मध्यम किमतीचा एलईडी टीव्ही ३०० ते ४०० निटपर्यंत जातो, त्यामुळे तो साधं चित्र ताणून मूळापेक्षा कितीतरी उजळ दाखवतो आणि आपल्याला त्याचीच सवय झालेली असते. एचडीआर सिनेमात प्रत्येक बिंदूचा उजेड निटमध्ये ठरवून दिलेला असतो. खोलीतला चेहरा एवढा, दिव्याची ज्योत तेवढी. बरेच सिनेमे १००० निटच्या पडद्यावर रंगवलेले असतात, काही तर ४०००च्या. ३०० निटच्या टीव्हीला ज्योतीसाठी जागा राखायची म्हणून चेहरा खाली दाबावा लागतो. म्हणजे खोक्यावरचं 'एचडीआर' हे अक्षर सांगतं की टीव्हीला ही भाषा समजते. ती बोलण्याएवढा दम पॅनलमध्ये आहे की नाही, ते निटच्या आकड्यावरून कळतं, आणि तो आकडा खोक्यावर सहसा नसतो. एचडीआर१० मध्ये उजेडाची माहिती सबंध सिनेमासाठी एकदाच येते. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ मध्ये ती दृश्यागणिक येते, म्हणून कमी दमाच्या टीव्हीवर डॉल्बी व्हिजनमधलं चित्र बहुतेक वेळा जास्त सावरलेलं दिसतं.

यावर उपाय असा की एचडीआर सिनेमा चालू असतानाच मेनू उघडायचा. हा मुद्दा मला उशिरा कळला: साध्या चित्राची सेटिंग वेगळी आणि एचडीआरची वेगळी साठवलेली असते, शिवाय प्रत्येक एचडीएमआय जोडणीची आणि ॲपची वेगळी. रविवारी मी बातम्यांवर लावलेलं चित्र सिनेमाला लागूच होत नव्हतं. सिनेमा चालू ठेवून बॅकलाईट पूर्ण वर नेला, वीजबचत बंद केली, 'डायनॅमिक टोन मॅपिंग' दिसलं ते चालू केलं आणि ओटीवरची ट्यूब बंद करून कोपऱ्यात एक पिवळा बल्ब ठेवला. चेहरे दिसायला लागले. विहिरीच्या तळाशी उतरणारं एक दृश्य होतं, त्यात ओल्या दगडावरचं शेवाळ वेगळं दिसलं तेव्हा आई म्हणाली, "हे काल नव्हतं." साधं चित्र सगळ्या जोडण्यांना एकदाच लावायचं असेल तर 'अप्लाय टू ऑल इनपुट्स' शोधा, पण एचडीआरला तरी हात स्वतंत्रच लावावा लागतो.

त्याच बैठकीत सिनेमा मालिकेसारखा दिसण्याचाही निकाल लागला. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणून टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घुसवतो. एलजी त्याला 'ट्रूमोशन' म्हणते, सोनी 'मोशनफ्लो'. सिनेमाला ते बंद ठेवा. क्रिकेटला मी थोडं चालू ठेवते, पण जास्त चढवलं तर वेगवान चेंडू बॅटजवळ येताना मध्येच गायब होतो किंवा बॅटीच्या दोन कडा दिसतात, कारण मधलं चित्र टीव्हीने अंदाजाने काढलेलं असतं. २०१९ मध्ये यूएचडी अलायन्स या उद्योगसंघटनेने 'फिल्ममेकर मोड' जाहीर केला तो याचसाठी, एका बटणात ही सगळी लुडबूड बंद.

आता डीडी फ्री डिश. आमच्या वाडीत निम्म्या घरांवर तीच आहे, आणि मोठा टीव्ही घेतलेला प्रत्येकजण विचारतो की जुन्या २१ इंचावर चांगलं दिसणारं चॅनल इथे फाटकं का दिसतं. साध्या चॅनलच्या चित्रात ७२० गुणिले ५७६ बिंदू असतात, म्हणजे ४,१४,७२०. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००. बरोबर वीसपट. आलेल्या एका बिंदूचे टीव्हीला वीस करायचे असतात, उरलेले एकोणीस तो कुठून आणणार? त्यात शार्पनेस चढवला की तपशील वाढत नाही, कडांभोवती पांढरी रेघ येते आणि ठिपके उठून दिसतात. त्या जोडणीपुरता शार्पनेस शून्याजवळ न्या आणि 'नॉइज रिडक्शन' मध्यम ठेवा. सेट-टॉप बॉक्स अजून पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने जोडलेला असेल आणि मागे एचडीएमआयचं तोंड असेल तर ती वायर आधी बदला. शेजारच्या काकूंकडे एवढ्यानेच पुसट अक्षरं वाचता यायला लागली. आणि अशा चॅनलसाठी खुर्ची मागे घ्या. दहा-बारा फुटांवरून ते सुसह्य होतं. उलट ५५ इंचावर फोर-केचा सगळा बारीक तपशील डोळ्याला टिपायचा तर साडेतीन-चार फुटांवर बसावं लागेल. सात फुटांपलीकडे फुल एचडी आणि फोर-के यातला बारकाईचा फरक नजरेला जवळजवळ कळत नाही. आमची बैठक नऊ फुटांवर आहे, त्यामुळे फोर-केच्या महागड्या प्लॅनसाठी मी बाबांना जादा पैसे भरू दिले नाहीत.

राहिला पाऊस. डिजिटल चित्र जुन्या अँटेनासारखं मुंग्या येत-येत बिघडत नाही, ते नीट असतं किंवा चौकटींत फुटतं. चौकटी आल्या की टीव्हीच्या सेटिंगला हातच लावू नका, दोष वायर, बॉक्स किंवा डिशकडचा. डिशवर येणाऱ्या लहरींची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते, मुसळधार सरी त्या शोषतात आणि विखरून टाकतात. दहा मिनिटांच्या जोरदार सरीत चित्र गेलं आणि सर ओसरल्यावर आलं, तर ते चालायचंच. पण बाबांच्या नोंदीत रिमझिमीतही चौकटी होत्या, आणि पाऊस थांबल्यावर दुपारपर्यंत राहत होत्या. ते चालायचं नाही.

बॉक्सच्या मेनूत सिग्नलची 'स्ट्रेंथ' भरपूर आणि 'क्वालिटी' अर्ध्याखाली. उघडीप बघून अंगणातल्या पोलापाशी गेले. डिशच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीचा (सिग्नल पकडणाऱ्या डबीचा) वायरचा पिना फिरवून काढला, तर आतली तांब्याची तार टोकाला हिरवी पडलेली, आणि तिच्याभोवतीची जाळी बोटाने चोळल्यावर करड्या भुकटीसारखी गळली. वायर खाली धरून हलवली तर आतून पाण्याचे चार थेंब पडले. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर, खारा वारा वर्षभर असतो. पिन्याच्या फटीतून ओल शिरते आणि वायरच्या आतून थेट बॉक्सपर्यंत उतरते. चांगली आरजी-६ (डिशसाठीची जाड गोल) वायर नवी टाकली, पिने दाबून बसवणारे घेतले, वरून स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळली, आणि घरात शिरण्याआधी वायरला खाली लोंबता झोळ दिला म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. साध्या काळ्या इन्सुलेशन टेपवर भरवसा ठेवू नका, एका पावसाळ्यात तिचा चिकटपणा जातो.

पोलही किंचित कललेला होता. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तो आडवा झाला होता आणि नंतर घाईत उभा केलेला. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, आपल्या किनाऱ्यावरून तो आग्नेयेला आणि क्षितिजापासून साठेक अंश वर येतो. त्या रेषेत उभं राहून वर बघितलं तर फणसाची नवी फांदी मध्ये आलेली. मे महिन्यात सगळं ठीक आणि पावसाळ्यात बिघाड, असं दरवर्षी होत असेल तर झाडाकडेही बघा, ओली पानं सिग्नल अडवतात. फांदी छाटली, पोल ओळंब्याने सरळ केला, क्वालिटी ऐंशीच्या वर गेली.

पॅनल किंवा आतला दिवा खरंच गेलाय का, याची खूण वेगळी असते. आवाज येतो पण पडदा काळा, तर खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारा. अंधुक चित्र हलताना दिसलं तर आतल्या एलईडीच्या पट्ट्या किंवा त्यांचा वीजपुरवठा गेलाय, पॅनल शाबूत आहे, आणि पट्ट्या पॅनलपेक्षा बऱ्याच स्वस्तात बदलून मिळतात. मेनूच्या अक्षरांवरूनही आरपार जाणारी उभी रेघ मात्र पॅनलचीच. मेकॅनिक "पॅनल" म्हणाला की त्याला मेनू उघडून दाखवायला सांगा. मेनू टीव्ही स्वतः काढतो. तो स्वच्छ आणि रंग बरोबर असेल तर आधी बाहेरून येणारं तपासायचं.

मुंबईकरांची घरं महिनोन्महिने बंद असतात, त्यांनी गणपतीला आल्या-आल्या टीव्ही चालू करू नये. आधी खिडक्या उघडा, ओल निघू द्या, दुसऱ्या दिवशी लावा. जांभ्याच्या भिंतीला ओल येत असेल तर टीव्ही भिंतीला टेकवू नका, मागे वारा खेळेल एवढी जागा सोडा.

विजांचं तर सांगायलाच हवं. मेअखेरीला आणि ऑक्टोबरात आमच्याकडे संध्याकाळी आभाळ फुटतं. शेजारच्या घरात प्लग काढलेला असूनही टीव्हीची एचडीएमआयची बाजू जळली, कारण डिशची वायर बॉक्सला आणि बॉक्स टीव्हीला तसाच जोडलेला होता. ढग भरून आले की, गडगडाट जवळ येण्याच्या आत, आई आता आधी दोन्ही प्लग काढते आणि मग बॉक्सच्या मागचा डिशचा पिना.